मुरलेला वारा

मंगळवारी काचबिंदूवाल्यांची रांग.
हॅलिफॅक्सच्या टेकड्यांवरून बसनं उतरतात,
ओल्या टोप्या मांडीवर घेऊन बसतात,
आणि मी एकेकाला सांगते:
हनुवटी इथं, कपाळ टेकवा,
हिरव्या ठिपक्याकडं बघा.
आता वारा येईल.

येतो. फुस्स.
कुणी लांबून समई मालवावी एवढाच.
पारपटल दबतं, सपाट होतं,
जरासं खळगीत जातं,
परत सपाट, परत घुमट.
पापणी लवायच्या आत, हे मी शब्दशः सांगते;
पापणीला खबर लागते तेव्हा
सगळं उरकलेलं असतं.

पडद्यावर दोन शिखरं राहतात.
एक जातानाचं, एक परततानाचं.
दोन्ही वेळच्या दाबातला फरक
म्हणजे डोळ्यानं जे घेतलं
आणि परत केलं नाही, ते.
यंत्राच्या पुस्तकात त्याला ग्रीक वळणाचं नाव आहे.
मी मनात म्हणते, मुरलं.
काळ्या रानात पाणी मुरतं, तसं.

नॉर्मन सटक्लिफ, वय चौऱ्याऐंशी.
मागच्या खेपेला साडेआठ,
आज सात पूर्णांक नऊ.
'कमी झालं म्हणजे चांगलं ना?'
नाही हो. डोळ्यातला दाब कमी तर चांगलं.
हे कमी, तर जरा सांभाळून.

मग त्याला आलेख बघायचा होता.
खुर्ची ओढून तो पडद्याला नाक लावून बसला
आणि म्हणाला, 'अगं, हे तर माझं काम.'
एकतीस वर्षं, कालव्याकाठच्या कारखान्यात,
लॉरीच्या इंजिनाखाली बसवायचे रबरी ठोकळे
तो दाबायचा, सोडायचा, नोंदायचा.
'ज्या वाटेनं गेलं त्या वाटेनं येत नाही रबर.
मध्ये थोडं सांडतं. त्याची ऊब होते.
जानेवारीत आम्ही त्यावर हात शेकायचो.'

'आणि जुनं झालं की?'
मी विचारलं, मला उत्तर ठाऊक असून.
'कडक होतं. धक्का खात नाही.
पुढच्याला देऊन टाकतं.'

मग जरा थांबून,
'इथं पुढचा कोण?'
मी भिंतीवरच्या चित्रात
डोळ्याच्या पार मागं बोट ठेवलं,
जिथून शीर मेंदूकडं निघते.
अजून नक्की कुणी सांगत नाही,
पण संशय तिथलाच आहे.

तो बराच वेळ त्या बोटाकडं बघत होता.
'एडना गेली तेव्हा,' तो म्हणाला,
'मी चर्चच्या दारात ताठ उभा होतो.
सगळ्यांनी वाखाणलं.
आमची जोन मात्र त्याच वर्षी
न्यूझीलंडला निघून गेली.'
आणि टोपी झटकली,
जणू पाऊस अजून तिच्यावरच होता.

माझ्या भाषेत मुरलेला माणूस म्हणजे
ज्यानं खूप पाहिलंय, पचवलंय असा.
मग त्याच्याच डोळ्यात
कमी का मुरावं?
गालाची कातडी सुटते, गुडघे सुटतात,
दात तर केव्हाच सुटलेले,
आणि हा कांद्याच्या पापुद्र्याएवढा घुमट
तेवढा आवळत जातो.
आतले तंतू एकमेकांना गाठी मारत बसतात
वर्षानुवर्षं, कुणी सांगितलेलं नसताना.
सुंभ जळतो, पीळ राहतो, म्हणतात.
इथं जळायच्या आधीच
पिळाचा पीळ झालेला.

थेंब रात्री एक, डाव्या डोळ्यात दोन.
सहा महिन्यांनी या.
'असलो तर,' तो म्हणाला, इथले सगळेच म्हणतात तसं,
आणि दारातून वळून,
'तो ठोकळा आम्ही फेकून द्यायचो हं.
तुम्ही लोक निदान थेंब देता.'

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी होती.
मी धाकट्या फ्रेयाला म्हटलं, बटण दाब.
माझी हनुवटी, माझं कपाळ,
एक्कावन्न वर्षांची.
हिरवा ठिपका.
वारा येणार हे इतकं माहीत असूनही
मी दचकलेच.

'आकडा सांगू?' फ्रेयानं विचारलं.
राहू दे म्हटलं.
डबा उघडला.
भात गार होऊन घट्ट बसला होता.
आई गेल्याचा फोन आला तेव्हाही
मी कुणावर ओरडले नव्हते,
एवढं आठवत होतं.
मुलगा त्या दिवशी कुठं होता, ते मात्र
काही केल्या आठवेना.